एकाच अक्षरातल्या एकतीस तक्रारी

ती. मावशीस भाच्याचा नमस्कार. (दर खेपेला साष्टांग लिहितो. या खेपेचा मान खाली घालून केलेला आहे, तेव्हा लांबून पाहणाऱ्याला फारसा फरक कळणार नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो गप्प असतो आणि उतरताना कुरकुरतो असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. आमच्याकडे माणसांचंही तसंच आहे, त्यामुळे मी काळजी केली नाही. काकांचा रेडिओ अजून तीन घरांना ऐकू जातो का? नवा चष्मा डोळ्यांना बसला का? बसला असला तर हे पत्र वाचताना तो काढून ठेवावास अशी माझी इच्छा आहे, पण तू ऐकणार नाहीस. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. खरं म्हणजे इकडे मी एकटाच क्षेम आहे, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे.

थोडक्यात सांगायचं तर आमच्या कामावर एका बाईंना सकाळची शिफ्ट हवी होती. ती त्यांनाच मिळायला हवी होती. ती मला मिळाली. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं, पण थोडक्यात सांगितलं की हे फार वाईट दिसतं, म्हणून सविस्तर सांगतो.

तू लोकांना मी 'हॉस्पिटलात आहे' एवढंच सांगतेस आणि पुढे काही बोलत नाहीस, त्यामुळे तुझे निम्मे शेजारी मला आपल्या खोकल्याबद्दल विचारतात. मी तळघरात आहे, धुलाई विभागात. वरच्या पाच मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि डॉक्टरांचे कोट एका घसरगुंडीतून खाली येतात, आम्ही ते धुतो, वाळवतो, रोलरवर इस्त्री करतो, घड्या घालतो आणि वर पाठवतो. मी घड्या घालतो आणि मोजून चिठ्ठी लिहितो: चादरी इतक्या, अभ्रे इतके, फाटके इतके. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे आलं. अक्षर तू घोटून घेतलं होतंस, तेव्हा यात थोडी तुझीही जबाबदारी येते असं मी मधे दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते काही पटलं नाही.

सात-आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे नव्या मॅडम आल्या. भल्या बाई. कामगारांचं मन कसं ओळखावं यावर त्यांनी एक जाड पुस्तक वाचलेलं आहे आणि ते त्यांच्या टेबलावर कायम उघडं असतं. त्यांनी आल्या आल्या हजेरीच्या घड्याळाशेजारी एक तक्रारपेटी लावली आणि वर पाटी लावली, की मनातलं लिहा, नाव घालायची गरज नाही. पहिले आठ दिवस पेटीत कोणीतरी टाकलेलं चॉकलेटचं वेष्टण सोडून काही पडलं नाही. मग आमचा गाडीवाला (स्वच्छ कपडे दुसऱ्या इमारतीत नेतो तो) चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, तुझं अक्षर बरं आहे, माझं जरा लिहून दे. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की फाटकावरचा पहारेकरी त्याला मुद्दाम थांबवून ठेवतो. मी ते कागदावर 'फाटकावर होणारी माझी हेतुपुरस्सर अडवणूक' असं उतरवलं. त्याने ते दोनदा वाचलं. माझी अडवणूक होते हे मला माहीतच नव्हतं, मी आपला नुसता थांबत होतो, असं म्हणून तो इतका सुखावला, की दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे रांग लागली.

मावशी, आता खरं सांगतो, मला ते आवडलं. पंधरा वर्षं चादरी मोजल्यावर माणसाला कोणी शब्द मागायला आलं की तो वाहवत जातो. मी हळूहळू शब्दांची प्रतवारीच लावली. दोघांना एकच गोष्ट वेगवेगळी मिळाली तर दुजाभाव. साहेबाच्या मर्जीतल्याला मिळाली तर पक्षपात, आणि तो साहेबाचा नातलग निघाला तर वशिला. बढती हुकली तर डावललं. काम जास्त तर पिळवणूक, काम कमी तर उपेक्षा. पंखा दुसऱ्याकडे वळलेला असला तर हवेच्या बाबतीत सापत्नभाव (हा मला स्वतःला फार जमला होता असं वाटायचं). आमच्या धुलाईमास्तरांना कोणीतरी एकदा जरा हळू बोला म्हणालं होतं. त्यांना मी गळचेपी दिली. ते तासाभराने परत आले, यापेक्षा जड काही आहे का म्हणाले, म्हणून मग मुस्कटदाबी दिली. अन्याय मात्र मी सरसकट कोणाला देत नसे. तो मी कपाटातल्या चांगल्या कपबशीसारखा मागे ठेवला होता. पण शेवटी शेवटी लोक तोच मागायला लागले, आणि चहाचा पहिला कप कोणाला मिळतो यावरही एक अन्याय खर्ची पडला. एक मात्र पाहिलं. स्वतःवर झाला की लोक त्याला अन्याय म्हणतात आणि शेजारच्यावर झाला की त्याचं काहीतरी बिनसलंय म्हणतात. मिळालं की हक्क, दुसऱ्याला मिळालं की वशिला. मी दोन्हीकडून लिहायचो. आमच्याकडे फाटकं शिवणाऱ्या दोघी आहेत, थोरली शिलाई आणि धाकटी शिलाई. दोघींत मिळून एक कात्री. दोघींनी एकाच दिवशी एकमेकींविरुद्ध लिहून घेतलं आणि मी दोन्ही पत्रं सारख्याच पोटतिडकीने लिहिली. कात्रीच्या बाबतीत माझ्यावर माझ्याच टेबलाकडून दुजाभाव होतो, असा एकूण अर्थ झाला.

कारण सगळी पत्रं मी 'मी' म्हणून लिहीत होतो. नाव नको, मग काय लिहिणार? आणि कोण बोलतंय ते ओळखू येऊ नये म्हणून जे जे ओळखीचं ते ते मी गाळत असे. गाडी गाळली, शिलाई गाळली, बायकांची पत्रंसुद्धा पुरुषाने लिहिल्यासारखी केली. माझ्या मते हा हुशारीचा कळस होता.

आता रोलरच्या ताई. रोलर म्हणजे एक आडवं तापलेलं पिंप असतं, त्यात एका बाजूने ओली चादर घालायची आणि दुसऱ्या बाजूने सरळ होऊन येते. त्याच्यापुढे आठ तास उभं राहणं हे आमच्याकडचं सगळ्यात वाईट काम, आणि दुपारी दोनची शिफ्ट ही सगळ्यात वाईट शिफ्ट. या ताई अकरा महिने दोन्ही करत होत्या. दर दोन महिन्यांनी शिफ्ट बदलायची असा नियम आहे. पण बदलायच्या दिवशी प्रत्येकजण काही ना काही कुरकुरतो, त्या कुरकुरत नाहीत, म्हणून यादीत त्यांचं नाव आहे तिथेच राहत गेलं. त्या रांगेत सगळ्यात शेवटी आल्या. हात पुसत उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, एवढंच लिहा. बाबा आता विसरतात. दुपारपर्यंत शेजारीण बघेल. संध्याकाळ झाली की ते घरी जातो म्हणून घरातूनच निघतात. मला सकाळची शिफ्ट द्या."

मी विचारलं, ही तक्रार कोणाविरुद्ध आहे. कोणाविरुद्ध नाही म्हणाल्या. मी त्यांना समजावलं, की ही तक्रार नसून विनंती आहे आणि विनंतीला वजन नसतं. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा ते अकरा महिने बाहेर आले, आणि मावशी, मी खूष झालो. लपवत नाही, झालो. इतके दिवस कात्र्या आणि पंखे यांवर उधळलेल्या शब्दांना शोभेल असं काहीतरी प्रथमच हाताशी आलं होतं. दीड पान लिहिलं. कामाच्या वेळांच्या वाटपातला घोर पक्षपात, नियमांची राजरोस पायमल्ली, माझी सातत्याने होणारी हेळसांड, आणि शेवटी राखून ठेवलेला अन्याय, तोही धडधडीत. मग त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात बाबा कुठे आहेत?" मी म्हणालो, ते घरगुती झालं असतं, शिवाय त्यावरून तुम्ही ओळखू आला असता. बाबा हेळसांडीत आले. त्या बरं म्हणाल्या आणि रोलरवर गेल्या. दीड पान पेटीत पडलं.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर एकतीस पत्रं पसरलेली होती आणि शेजारी माझी चादरी मोजल्याची चिठ्ठी. अक्षर जुळवायला त्यांना काय वेळ लागणार? एक माणूस सहा महिने, आठवड्याला एकापेक्षा जास्त पत्रं लिहून, पंख्यापासून कात्रीपर्यंत प्रत्येक गोष्टीने गांजून गेलेला आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि इतकं सोसत होतात आणि आम्हाला पत्ताच नाही, असं म्हणाल्या. मी तोंड उघडलं होतं. ही सगळी माझी नाहीत, एवढं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात त्यांनी एक पत्र उचललं आणि त्यातली दोन वाक्यं मोठ्याने वाचली. रोलरच्या ताईंचंच होतं ते. वाचून म्हणाल्या, तुमची भाषा थेट काळजाला भिडते. मावशी, शाळा सुटल्यापासून मला हे कोणी म्हणालं नव्हतं. (तूही नाही. तू फक्त लाल शाईने वेलांट्या सुधारायचीस.) मी तोंड मिटलं. पाणी प्यालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं.

सोमवारपासून मला तळघरातल्या एकुलत्या एक खिडकीजवळचं टेबल मिळालं. पाठ असलेली खुर्ची मिळाली. पंखा माझ्याकडे वळवून त्याची मान बांधून टाकली, म्हणजे कोणी फिरवायला नको. एक स्वतंत्र कात्रीही मिळाली, जिचा मला काडीचा उपयोग नाही. चहाचा पहिला कप माझा. आणि घडीवाल्या आजी निवृत्त झाल्यामुळे सकाळच्या शिफ्टमध्ये जी एकच जागा रिकामी झाली होती ती मला मिळाली. मला ती नको होती. माझ्या घरी कोणी विसरत नाही. मी दुपारी मजेत होतो, सकाळी उठायचं माझ्या जिवावर येतं. नको असलेली वस्तू हवी असलेल्याच्या समोरून उचलून आणली, याला मी केलेल्या प्रतवारीत शब्द नाही. सगळे शब्द ज्याच्यावर झालं त्याच्यासाठी होते. ज्याने केलं त्याच्यासाठी मी एकही जमवला नव्हता, कारण असं कोणी गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नव्हतं.

इतरांनी मात्र मला शब्द कमी पडू दिले नाहीत, मीच पुरवलेले होते. गाडीवाला मला बघितलं की झुकतं माप, झुकतं माप असं पुटपुटतो. धुलाईमास्तर म्हणाले की हा सरळ सरळ वशिला आहे. दोन्ही शिलाया बऱ्याच दिवसांनी एकमेकींशी बोलायला लागल्या, आणि दोघींचं मिळून माझ्याबद्दल आपमतलबी यावर एकमत झालं. हे सगळं मी सहन केलं असतं. खोटं कशाला, थोडं बरंही वाटलं, कारण त्यात निदान हिशोब फिटल्यासारखा होता. सहन होत नाही ते रोज दुपारी दोनला. मी निघत असतो, रोलरच्या ताई येत असतात, आणि दारात थांबून त्या विचारतात, "भाऊ, माझ्या पत्राचं काही कळलं?" त्यांना अजून वाटतं की ते पत्र कुठेतरी रांगेत आहे. माझी शिफ्ट बदलली यात त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. तुमचा नंबर आधी लागला असेल, बरं झालं, म्हणाल्या. आणि मी म्हणतो, वर गेलंय. गेले पाच आठवडे मी रोज म्हणतो, वर गेलंय.

या पाच आठवड्यांत त्यांचे बाबा दोनदा निघाले. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने ओळखलं. मागच्या गुरुवारी ते बसथांब्यावर बसलेले आमच्या गाडीवाल्याला दिसले, पायात एकच चप्पल, आणि घरी जायची बस किती वाजता आहे असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते. गाडीवाल्याने त्यांना चादरींच्या ढिगावर बसवून इकडेच आणलं. मी पाठ असलेल्या खुर्चीत बसून आठवड्याच्या चिठ्ठ्या लावत होतो, म्हणून त्या दिवशी उशिरापर्यंत होतो. ताईंनी रोलर बंद केला, बाबांना माझ्या पंख्यापाशी आणून उभं केलं, आणि जरा इथे बसू देता का भाऊ, म्हणून विचारलं. मी उठून त्यांना खुर्ची दिली. ताई मला थँक्यू म्हणाल्या.

मी काहीच केलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतःविरुद्ध एक पत्र लिहून पेटीत टाकलं. सगळं कबूल केलं. पण हाताला लागलेलं वळण जात नाही. सुरुवातच 'एका निरपराध व्यक्तीवर झालेल्या धडधडीत अन्यायाची दाद मागण्यासाठी' अशी झाली. मॅडमनी अक्षर ओळखलं, पहिली ओळ वाचली आणि पुढे बहुधा वाचलंच नाही. संध्याकाळपर्यंत मला पाय टेकायला एक लहान स्टूल आलं.

असो. तुझी प्रकृती जप. काकांना नमस्कार सांग. आईला यातलं काही कळवू नकोस; तिला मी कामावर सगळ्यांचा लाडका आहे असं सांगितलेलं आहे.

तुझा (अजून म्हणवून घेशील तर)
भाचा

ता. क. एवढं लांबण लावलं त्यामागे एक काम आहे. मॅडमच्या नावाने तू एक पत्र लिहून पाठव. माझं अक्षर दिसलं की त्या मला काहीतरी देतात. तू आपल्या अक्षरात, शाळेतून पालकांना चिठ्ठ्या लिहायचीस तशा दोन ओळी लिही: तुमच्या घडीवाल्याकडे असलेली सकाळची शिफ्ट रोलरच्या ताईंची आहे, ती त्यांना द्यावी. मोठा शब्द एकही नको. मी तुझा भाचा आहे हे लिहायची गरज नाही.

ता. क. २. तू म्हणशील, तोंड आहे ना, जाऊन सांग. गेलो होतो. काल जिन्यात सगळं पाठ केलं, दार वाजवलं, आत गेलो. मॅडम हसल्या आणि आता बरं वाटतं ना, म्हणाल्या. मी म्हणालो, खुर्ची फार छान आहे. मग बाहेर आलो. पत्र आजच लिही.

ता. क. ३. पाकीट चिकटवलेलं फोडून हे लिहितो आहे. आज दोन वाजता ताई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, की पहिलं पत्र हरवलं असेल, तर दुसरं लिहून द्या, आणि या वेळी जरा जास्त जड शब्द घाला, माझं हलकं पडलं असेल. मी तिथेच भिंतीवर कागद टेकवून लिहिलं: बाबा विसरतात. दुपारपर्यंत शेजारीण बघेल. संध्याकाळी ते घरातून निघतात. मला सकाळची शिफ्ट हवी. ती माझ्या पत्रावर घडीवाल्याला मिळाली आहे. त्याला ती नको आहे आणि त्याने हे कोणाला सांगितलेलं नाही. खाली नाव घाला म्हणालो. त्यांनी वाचलं. शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग माझं पेन घेतलं, कागद उलटा केला आणि तेच सगळं मागे स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं (अक्षर वाईट नाही, जरा तिरकं आहे), खाली नाव घातलं, आणि पेटीकडे न बघता सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या. माझ्या अंदाजे चाळीस अभ्र्यांच्या घड्या होतील एवढ्या वेळात परत आल्या. सोमवारपासून सकाळी त्या आणि दुपारी रोलरवर मी आहे, तेव्हा तू आता काही लिहू नकोस. जाताना त्यांनी पेन परत दिलं आणि विचारलं, "एवढंच लिहायचं होतं, तर तेव्हाच का नाही लिहिलंत?" त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.